पाट, फड आणि पाळी : नाशिकच्या कालव्यांचा इतिहास

कालव्यांची शहरे म्हटली की व्हेनिस आणि ॲमस्टरडॅम ही नावे प्रथम पुढे येतात, कारण तेथील कालवे रस्त्यांचे काम करीत आले. त्यांतून होड्या गेल्या, माल गेला आणि त्यांच्या काठावर व्यापाऱ्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. नाशिकच्या कालव्यातून कधी होडी गेली नाही. येथील कालवा, ज्याला लोकव्यवहारात पाट म्हणतात, नदीतून निघतो आणि शेतात संपतो, आणि त्याच्या काठावर हवेलीऐवजी ऊस, कांदा किंवा द्राक्षाचा मांडव दिसतो. त्यामुळे रामकुंड, काळाराम, तपोवन आणि त्र्यंबकेश्वर असा ठरलेला क्रम उरकून परतणाऱ्या यात्रेकरूच्या दृष्टीस हे पाट सहसा पडत नाहीत. नाशिक जिल्ह्याचा आर्थिक आणि सामाजिक इतिहास वाचायचा तर मात्र मंदिरांइतकेच या पाटांकडे, आणि त्याहीपेक्षा त्यांतील पाण्याची पाळी कोण ठरवत आले या प्रश्नाकडे लक्ष द्यावे लागते.

शहरातील पाणी हे प्रथमतः धर्माचे पाणी आहे. रामकुंडाचे दगडी बांधकाम १६९६ मध्ये खटावकडील एका जमीनदाराने केले आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती करविली, अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आढळते. परंतु पाण्याशी निगडित कारागिरीची या परिसरातील नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. पांडवलेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे तिसऱ्या शतकातील, शिलालेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी काही रक्कम वेगवेगळ्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमच्या ठेवीच्या रूपाने सोपविल्याचे म्हटले आहे, आणि त्या श्रेणींत कुंभार व तेली यांच्या जोडीला ‘ओदयंत्रिक’, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे किंवा चालविणारे लोक, यांचाही उल्लेख येतो. ही यंत्रे नेमकी कोणती याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी ज्या संघाकडे भिक्षूंसाठीचा पैसा निर्धास्तपणे ठेवावा इतकी पत पाण्याच्या कारागिरांना होती, एवढे त्यातून निश्चित होते. लेणी पाहायला जाणारे बहुतेक लोक शिल्पे पाहून खाली उतरतात. हा शिलालेख वाचण्यासाठी तेथे आणखी थोडा वेळ थांबणे सार्थकी लागते.

पाटांची गरज भूगोलाने निर्माण केली. पश्चिमेकडे इगतपुरी व त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, आणि पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांत तोच पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. गोदावरी, दारणा व कादवा या नद्या घाटमाथ्याचे पाणी घेऊन पूर्वेकडे निघतात, तर उत्तरेकडील बागलाण, कळवण व मालेगाव भागांतील गिरणा, आरम व मोसम या नद्यांचे पाणी तापीला मिळते. पावसाळा सरल्यावरही काही महिने वाहणाऱ्या या नद्यांना आडवा बांध घालून पाणी उंचावरच्या शेतांकडे वळविणे हा येथील शेतकऱ्याला सुचलेला स्वाभाविक उपाय होता. जुन्या महसुली दप्तरांत बागायत जमिनीचे पाटस्थळ आणि मोटस्थळ असे दोन वर्ग आढळतात. पाटाच्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ आणि विहिरीवर मोट चालवून भिजविली जाणारी ती मोटस्थळ.

या पाटस्थळ जमिनीवर उत्तर नाशिक आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या खोऱ्यात जी व्यवस्था नांदली, ती फड पद्धती म्हणून ओळखली जाते आणि तिचे वय साधारणपणे तीन-चारशे वर्षे मानले जाते. तिची रचना समजून घेतल्याशिवाय या भागातील बंधारे पाहणे व्यर्थ होय. नदीच्या पात्रात जेथे खडक उघडा पडलेला असे तेथे, खडकाच्याच रेषेने वळणे घेत, दगड व चुन्यात बंधारा बांधला जाई. त्याला दरवाजे नसत आणि पुराचे पाणी सरळ त्याच्या माथ्यावरून जाई. बंधाऱ्याच्या एका कुशीतून निघणारा पाट जेवढ्या जमिनीला पाणी देई, त्या सगळ्या क्षेत्राला थळ म्हणत. या थळाचे तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असत. तेच फड होत.

व्यवस्थेचा कणा असा की एका फडात एका वर्षी एकच पीक घेतले जाई. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात रब्बीचे पीक, तिसऱ्यात पावसाळी भुसार पीक आणि पाण्याची ओढ असेल तेव्हा एखादा फड पडीक. पुढील वर्षी हा क्रम एका फडाने पुढे सरके. कोणत्या फडात काय घ्यायचे हा निर्णय एकट्यादुकट्या शेतकऱ्याचा नसून हंगामाच्या तोंडावर जमणाऱ्या शेतकऱ्यांच्या बैठकीचा असे, आणि नदीला पाणी किती आहे याचा अंदाज घेऊनच तो केला जाई. एकाच पिकाचा सलग पट्टा असल्यामुळे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बांधाबांधाने नेता येई, मधल्या चाऱ्यांत, म्हणजे पाटाच्या लहान शाखांत, ते फारसे मुरत नसे, आणि रात्री-अपरात्री कोणी पाणी चोरून आपल्या वेगळ्या पिकाकडे वळविण्याचा प्रश्नही फारसा उरत नसे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की थळातील शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे, त्यामुळे एखाद्या फडाला पडीक ठेवले तरी त्याची झळ सर्वांना सारखी लागे आणि उसाचा फायदाही सर्वांच्या वाट्याला येई. पाणीवाटपाचा न्याय या पद्धतीने कागदावर लिहिला नाही. तो जमिनीच्या वाटणीतच बसविला.

दैनंदिन कामासाठी गावाने नेमलेली माणसे असत. पाटकरी पाणी फिरवी आणि कोणाच्या शेतात ते कधी पोहोचले याची आठवण ठेवी. जागल्या उभ्या पिकाची व पाटाची राखण करी. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार असे. यांचा मोबदला बहुधा पिकाच्या रूपाने, सुगीच्या वेळी दिला जाई. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढण्याचे काम थळातील शेतकरी स्वतः करीत किंवा त्याचा खर्च जमिनीच्या प्रमाणात वाटून घेत. स्पेनमधील व्हॅलेन्शिया शहरात दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांनीच निवडलेले न्यायाधीश बसतात, पाण्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तेथेच निकाल देतात; २००९ मध्ये युनेस्कोने त्या न्यायसभेला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. फडाच्या पंचांना असे वैभव कधी लाभले नाही, पण दोन्हीकडची मूळ कल्पना एकाच जातीची आहे. अर्थात फडाचे गोडवे गातानाही हे विसरता येत नाही की थळाची सीमा बंद होती, सीमेबाहेरच्या जमिनीला पाणी मिळण्याचा मार्ग नव्हता आणि भूमिहीनाला या न्यायात मजुरीपलीकडे जागा नव्हती.

या पद्धतीचा आधुनिक अभियांत्रिकीशी आलेला संबंध कुतूहलाचा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले ते नाशिकला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे खानदेशात पांझरेच्या पाटावरील नळांच्या सायफनचे, म्हणजे दाबाने पाणी पलीकडे नेणाऱ्या नळमार्गाचे, काम आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यासाठी त्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तीत गावागावांतील जमिनीचे गट पाडून, प्रत्येक गटाच्या एका भागात ऊस व उरलेल्या भागात हंगामी पिके आळीपाळीने घेण्याची योजना होती. फडाशी तिचे साम्य नजरेत भरण्याजोगे आहे, आणि ज्या तरुण अभियंत्याने उमेदवारीच्या काळात पांझरेच्या काठी काम केले त्याच्या मनात ती कल्पना तेथेच रुजली असावी, असे मानण्यास भरपूर वाव आहे.

सरकारी कालव्यांचा काळ खऱ्या अर्थाने दुष्काळांनी आणला. कादवेवर पालखेड येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच काम झाले होते. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाने १९०१ ते १९०३ या काळात देशभर पाहणी केली आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात संरक्षक कालवे काढण्यास जोर चढला. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर येथे १९०७ ते १९११ या काळात बंधारा उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही तीरांनी कालवे निघाले. या कालव्यांना पाणी पुरविण्यासाठी इगतपुरी तालुक्यात दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. गिरणेवरील चणकापूर धरणही १९११ चे. येथे एक विरोधाभास पाहण्यासारखा आहे: पाणी अडविले गेले ते नाशिकच्या डोंगरात, पण गोदावरी कालव्यांचा मोठा लाभ झाला तो खाली कोपरगाव, राहाता या नगर जिल्ह्यातील भागांना, जेथे उसाची शेती व पुढे साखर कारखानदारी फोफावली. वरच्या आणि खालच्या भागांतील पाण्याच्या भांडणाचे बीज असे शंभर वर्षांपूर्वीच पेरले गेले. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून जी पाणथळ जागा तयार झाली ती पक्ष्यांना मात्र मानवली. २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ तेच. हिवाळ्यात येथे दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांची गर्दी असते, परंतु बंधाऱ्याकडे व कालव्याच्या मुखाकडे वळणारे त्यांत थोडेच असतात.

सरकारी कालव्यावर पाण्याची पाळी अधिकाऱ्यांच्या हाती गेली. शेतकऱ्याने हंगामापूर्वी सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी मिळाली की आवर्तनाची, म्हणजे कालवा ठराविक दिवस सोडण्याच्या फेरीची, वाट पाहायची, आणि शेजपाळीने, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडून मुखाकडे लागोपाठ एकेका शेताला पाणी देण्याच्या क्रमाने, आपली बारी घ्यायची, असा हा रिवाज आहे. नियम निर्दोष आहे. व्यवहारात मुखाशी असलेल्याचे पाणी सहसा चुकत नाही आणि शेपटाशी असलेल्याला ते पोहोचण्याआधीच आवर्तन संपते.

१९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गोदावरीवरील गंगापूर धरणाने खुद्द नाशिक शहराला कालव्याच्या काठी आणून बसविले. मातीच्या या धरणापासून निघालेला डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या एकेकाळच्या मळ्यांच्या गावांतून जातो, आणि ही गावे आता शहरात आली असली तरी पत्ता सांगताना ‘पाटाजवळ’ म्हणण्याची सवय तेथे मोडलेली नाही. उजव्या बाजूचा कालवा शहराच्या वाढीपुढे टिकला नाही. नाशिक रोड परिसरातील कॅनॉल रोड हे नाव त्याची खूण आहे. पाट पाहायचा असेल तर रब्बीच्या आवर्तनात पाहावा. कोरड्या पाटात प्लास्टिकखेरीज काही दिसत नाही, आणि त्यावरून मत बनविणे अन्यायाचे ठरते.

फडांचा ऱ्हास एका कारणाने झाला नाही. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर अशी धरणे वरच्या अंगाला झाल्यावर नदीचा प्रवाहच धरणाच्या वेळापत्रकाने चालू लागला. विजेचे पंप आल्यामुळे ज्याची ऐपत होती तो विहिरीवर किंवा नदीवर मोटार बसवून बैठकीच्या निर्णयातून मोकळा झाला. आणि नगदी पिकांच्या भावामुळे एका फडात एकच पीक हा नियम अडचणीचा वाटू लागला.

सामूहिक वाटपाची कल्पना मात्र दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात वेगळ्या रूपाने पुन्हा उभी राहिली. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये यांच्या नेतृत्वाखाली, कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. म्हणजे ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनीच प्रथम व्यवस्थापन मागितले. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा २४ संस्था आणि त्यांचा एक प्रकल्पस्तरीय संघ झाला, आणि राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला तेव्हा वाघाडचा अनुभव त्याच्यासमोर होता. येथे शासन संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे प्रत्यक्ष मोजून, देते व त्याची पट्टी संस्थेकडून घेते. संस्था ते सभासदांत वाटते. फडाशी तुलना केली तर मोठा फरक एकच उरतो. फडात पीक गावाने ठरविले आणि पाणी त्यामागून गेले. वाघाडला पाण्याचा कोटा ठरलेला असतो आणि त्यात द्राक्ष लावायचे, टोमॅटो लावायचा की गहू पेरायचा हे ज्याचे तो ठरवतो. दोन्ही पाहू इच्छिणाऱ्याने मोसमच्या काठचा एखादा जुना दगडी बंधारा आणि ओझरकडील एखाद्या चारीवरील पाणी मोजण्याचे यंत्र ही दोन ठिकाणे एकाच फेरीत गाठावीत, आणि शक्य झाल्यास दोन्हीकडच्या पाटकऱ्यांना शेवटच्या शेतात पाणी केव्हा पोहोचते हे विचारावे.