सर्वेक्षणाचे ॲप स्वतःचेच असावे का?

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातील सामाजिक संस्था, विद्यापीठांचे विभाग आणि सरकारी कार्यालये कागदी प्रश्नावली सोडून मोबाईल आणि टॅबकडे वळली. त्याबरोबर एक मत पक्के होत गेले. लोकांची खासगी माहिती घ्यायची तर बाहेरचे, त्यातही फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरू नये. एखाद्या कंपनीकडून स्वतःचे ॲप बनवून घ्यावे, ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवावे आणि त्याचा कोड कोणाला दाखवू नये. बैठकांमध्ये हे मत आता वादापलीकडचे मानले जाते. माझ्या मते ते चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत आपण मोजत नाही. आपल्याला दारात उभे करून घरची हकीकत सांगणारी माणसे मोजतात.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्याचे चार आधार आहेत. पहिला, कोड सर्वांसाठी खुला असेल तर चोरालाही घराचा आराखडा मिळतो. दुसरा, सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर माहितीही आपल्या ताब्यात राहते. तिसरा, फुकट वस्तूला वाली नसतो. पैसे दिले की जाब विचारता येतो. चौथा, खास आपल्यासाठी बनवलेले ॲप आपल्या भाषेत आणि आपल्या कामाला साजेसे असते. हे युक्तिवाद आळसातून आलेले नाहीत. त्यांमागे खरी काळजी आहे. म्हणूनच एकेकाला नीट उत्तर द्यायला हवे.

गुप्ततेच्या युक्तिवादाला उत्तर मिळून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ऑगस्ट केरकॉफ्स या भाषाभ्यासकाने १८८३ मध्ये लष्करी गूढलेखनावर लिहिताना एक कसोटी घालून दिली: संपूर्ण पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज बँका आणि सरकारे वापरतात ती एईएस ही कूटपद्धत याच विचाराने निवडली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले. पंधरा प्रस्ताव उघडपणे छापले आणि ते फोडून दाखवण्याचे आव्हान तज्ज्ञांना दिले. त्या छाननीत टिकलेली, दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत २००१ मध्ये मानक ठरली. सगळ्यांनी वाचली आणि कोणाला फोडता आली नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. जे ॲप बनवणाऱ्या दोन-चार जणांखेरीज कोणी वाचलेच नाही, त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा बनवणाऱ्याच्या शब्दापलीकडे काय असतो?

यावर जाणकार प्रतिवादी हार्टब्लीडचे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. इंटरनेटवरील सुरक्षित देवाणघेवाणीचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर चाले, त्यात २०१२ मध्ये आलेली ही त्रुटी एप्रिल २०१४ पर्यंत उघडकीस आली नाही. कोड मात्र तो सारा काळ सर्वांसमोर होता. तेव्हा खुलेपणा म्हणजे आपोआप सुरक्षितता असे मीही म्हणत नाही. पण त्या प्रसंगातून निघणारा धडा वेगळा आहे. ओपनएसएसएल सांभाळणारी माणसे मोजकी होती आणि निधी तुटपुंजा होता. कोड खुला असल्याने बाहेरच्या संशोधकांना ती त्रुटी सापडली, आणि ती जाहीर झाली त्याच दिवशी दुरुस्तीही जगाला मिळाली. तीच त्रुटी एका जिल्ह्यासाठी बनवलेल्या बंद ॲपमध्ये असती तर ती शोधायला कोण बसले असते? खुलेपणाने तपासणी शक्य होते. ती प्रत्यक्षात होण्यासाठी सांभाळणारी माणसे लागतात. म्हणजे मूळ प्रश्न देखभालीचा आहे.

सर्व्हरच्या ताब्याचा युक्तिवादही इथेच कोसळतो. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीइतकी गोपनीयतेबाबत दक्ष संस्था क्वचितच सापडेल. युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेल्यांना पुन्हा भेटवण्याच्या कामातील ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती तिच्याकडे होती. मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, सर्व्हरही तिथलेच. तरी ९ नोव्हेंबर २०२१ रोजी हल्लेखोर आत शिरले आणि १८ जानेवारी २०२२ पर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. सत्तर दिवस! वाट कोणती मिळाली? पासवर्ड सांभाळणाऱ्या एका प्रणालीतील ज्ञात त्रुटी. तिच्यावरची दुरुस्ती उपलब्ध झाली होती, पण वेळेत बसवली गेली नव्हती. इतक्या साधनसंपन्न संस्थेच्या हातून हे निसटत असेल, तर ज्या संस्थेत हिशेबनीसच संगणकही पाहतो, तिने स्वतःचा सर्व्हर थाटणे म्हणजे सुरक्षितता वाढवणे नव्हे. सर्व्हर कुठल्या देशात किंवा कोणाच्या इमारतीत आहे याला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व आहेच. पण दर आठवड्याला त्याच्याकडे लक्ष कोण देतो, हे त्याआधी विचारले पाहिजे.

आता फुकटाचा वाली. ओपन डेटा किट हे सॉफ्टवेअर २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात गाएतानो बोरिएल्लो यांच्या पुढाकाराने सुरू झाले. कोबोटूलबॉक्स त्याच पायावर हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातून उभे राहिले. सीएसप्रो अमेरिकेच्या जनगणना खात्याने घडवले. आरोग्य आणि लोकसंख्येच्या सर्वेक्षणांत ते अनेक देशांत चालते. सर्व्हे सोल्यूशन्स जागतिक बँकेचे. सर्व्हेसीटीओला पैसे मोजावे लागतात, पण त्याचाही पाया ओपन डेटा किटच आहे. किमतीवरून विश्वासार्हतेची रेघ ओढता येत नाही, हे या नावांवरूनच दिसते. फुकट म्हणजे खर्चच नाही, असेही नाही: सर्व्हर चालवणे, प्रशिक्षण, दुरुस्ती यांना पैसा लागतो आणि तो अंदाजपत्रकात दिसलाच पाहिजे.

उलट, मागणीनुसार बनवलेल्या ॲपचा वाली करार संपताच निघून जातो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती मात्र दरवर्षी येते. पूर्वी बरीच ॲप्स भरलेले फॉर्म आणि फोटो फोनच्या सामाईक जागेत ठेवत; परवानगी मिळालेले दुसरे कोणतेही ॲप ते वाचू शके. अँड्रॉइड १० आणि ११ ने ही मुभा आवळली, तेव्हा ओपन डेटा किटच्या कर्त्यांनी साठवणुकीची पद्धत बदलली आणि जगभरच्या वापरकर्त्यांना सुधारित ॲप मिळाले. ज्या ॲपचा कंत्राटदार तोवर दुसऱ्या कामाला लागला होता, त्याच्यासाठी हे कोणी करायचे? करारात दंडाचे कलम असले म्हणून फुटलेली माहिती परत येत नाही.

चौथा युक्तिवाद मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण भाषेचा प्रश्न खरा आहे. पण खास बनवलेले म्हणजे कामाला साजेसे, हे अनुभवाला धरून नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट, त्यांची मेमरी अपुरी, आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ते ॲप त्यांच्याच कामासाठी बनले होते. याउलट ओपन डेटा किट किंवा कोबोमध्ये प्रश्नावली साध्या एक्सेल तक्त्यात लिहिली जाते. एकेका भाषेसाठी एकेक रकाना वाढवला की तीच प्रश्नावली मराठीत, कोरकूत आणि पावरीत उघडते. शब्द खटकला तर संस्थेतील कार्यकर्ती तो संध्याकाळी बदलू शकते. त्यासाठी कंपनीला पत्र लिहून वाट पाहावी लागत नाही.

इथे विश्वासार्हतेचा मुद्दा येतो आणि तो सुरक्षिततेहून वेगळा काढता येत नाही. मेळघाटातल्या किंवा अक्राणीतल्या पाड्यावर नेटवर्क नसते. तिथे एका बाईने तासभर बसून आपल्या बाळंतपणांची आणि गमावलेल्या मुलांची माहिती दिली, आणि ॲप मध्येच बंद पडून ती पुसली गेली, तर तिचा विश्वासघातच झाला. मग सर्वेक्षक दुसऱ्यांदा विचारायला संकोचतो किंवा आठवेल तसे भरून टाकतो, आणि खोटी माहिती धोरणापर्यंत जाते. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, ६ लाखांहून अधिक कुटुंबांची माहिती थेट छोट्या संगणकांवर नोंदवली गेली. एवढ्या प्रमाणावर हे काम होऊ शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

मग स्वतःचे ॲप कधीच बनवू नये का? तसे नाही. भारताच्या जनगणनेसाठी स्वतंत्र ॲप असणे योग्यच आहे. तिच्यामागे १९४८ चा कायदा आहे, गोपनीयतेचे १५ वे कलम आहे, कायमचे खाते आहे आणि वर्षानुवर्षे देखभाल करू शकणारा निधी आहे. ज्याच्याकडे हे सारे आहे त्याने जरूर बनवावे. माझा आक्षेप आहे तो तीन वर्षांच्या प्रकल्पाने जनगणना खात्याचा थाट आणण्याला.

आता मंडन. सॉफ्टवेअर कोणाचे, हे विचारण्याऐवजी एका उत्तराचा तोंडातून निघाल्यापासून नष्ट होईपर्यंतचा प्रवास तपासावा, हा माझा सिद्धान्त. त्या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न उभा राहतो.

फोनवर काय घडते? ओपन डेटा किटमध्ये कूटबद्ध फॉर्मची सोय आहे. कुलूप घालणारी किल्ली प्रश्नावलीसोबत फोनवर जाते, उघडणारी किल्ली संस्थेकडेच राहते. फोन चोरीला गेला किंवा सर्व्हर फुटला तरी पूर्ण केलेले फॉर्म वाचता येत नाहीत. पण हे कुलूप फॉर्म पूर्ण म्हणून नोंदवल्यावर लागते. अर्धवट फॉर्मला ते संरक्षण नसते. म्हणून फोनला पासवर्ड हवा आणि अर्धे काम दिवसाअखेर उरता कामा नये. उघडणारी किल्ली हरवली तर माहिती कायमची गेली. म्हणून तिच्या दोन प्रती, दोन जागी, दोन जबाबदार माणसांकडे हव्यात.

माहिती उतरवून घेतल्यावर काय होते? कूटबद्ध केलेली माहिती एकदा एक्सेलमध्ये आली आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर फिरली, की आधीची सारी कुलपे व्यर्थ. नावे आणि उत्तरे वेगळ्या फाइलींत असावीत. नुसती नावे काढून भागत नाही. लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याजोगे होते. सात घरांच्या पाड्यावरचे जीपीएस स्थान तर सरळ घराकडेच बोट दाखवते. जे विश्लेषणाला लागत नाही ते विचारूच नये.

माहिती कशासाठी वापरली जाईल? ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये मांडले की बांगलादेशातील छावण्यांत नोंदवलेली किमान ८ लाख ३० हजार रोहिंग्यांची नावे आणि तपशील, त्यांची जाणती संमती नीट न घेता, ज्या म्यानमारमधून ते पळून आले त्याच्याच सरकारकडे पोहोचले. संमती घेतली होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे म्हणणे होते. वाद काहीही असो, इथे कोणी सर्व्हर फोडला नव्हता. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९८३ च्या जनगणना निकालात आपल्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार माणसाचा मानला, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीला सवलत आहे. पण ती ठरलेली मानके पाळली आणि त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला नाही तरच लागू होते. योजनेच्या लाभार्थ्यांची यादी करण्यासाठी सर्वेक्षण वापरणाऱ्याने हे नीट वाचावे.

आणि शेवटी, सोडून जाता येते का? प्रश्नावली आणि सर्व नोंदी प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतात का, माहिती पुसण्याची तारीख ठरली आहे का, दुरुस्त्यांची जबाबदारी नावानिशी कोणाची आहे?

हे प्रश्न निविदेत लिहा आणि उत्तरे विक्रेत्याच्या सादरीकरणात नव्हे, पाड्यावर तपासा: फोन विमान मोडमध्ये ठेवून, बॅटरी संपत आलेली असताना, मध्येच फोन बंद करून. या परीक्षेत स्वतःचे ॲप उतरले तर ते घ्या. फुकटचे उतरले तर ते घ्या. दोन्ही नापास झाली तर कागद आणि कुलूपबंद कपाट अधिक प्रामाणिक आहे. लोक आपल्याला माहिती देतात तेव्हा ते सॉफ्टवेअर निवडत नाहीत, ती निवड आपण त्यांच्या वतीने करतो. मालकीच्या समाधानाने ही जबाबदारी पार पडत नाही. तपासून घेण्याचे कष्ट आपल्यालाच करावे लागतील.