घड्याळ बरोबर, पण ठोका स्थिर आहे का?

मी गोंडपिपरीहून बोलतोय. वर्षाची सरासरी काढली, तर इथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून साधारण 11 मिनिटं झालेली असतात. कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरली आणि आम्ही त्याच्या पश्चिमेला. 1 जानेवारी 1906 ला ती लागू झाली. मुंबईनं मात्र पुढे कितीतरी वर्षं आपली 39 मिनिटं मागची वेळ सोडली नाही.

त्या भांडणात प्रश्न एकच होता: आत्ता वाजले किती? रेडिओ आला आणि दुसरा प्रश्न उभा राहिला: ठोके सारख्या अंतरानं पडतायत का? भजन बरोबर सातला सुरू झालं, हा झाला वेळेचा नेमकेपणा. शेवटपर्यंत पखवाजाची लय हलली नाही, ही झाली स्थिरता. दोन्ही वेगळं.

आता चला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. सगळ्यांना फायबरमधून एकच संदर्भ ठोका जातो. तो थरथरला, तर तीस डिशचे सिग्नल एकमेकांत बसत नाहीत.

मग जीपीएस रिसीव्हर पुरेल का? त्याच्या सेकंदाच्या ठोक्यात 10 नॅनोसेकंदांची थरथर धरा. एका सेकंदात ती 10 कोटीत एक भाग होते. उबदार डबीतला चांगला क्वार्ट्झ तेवढ्या वेळात हजारपट स्थिर असतो. पण महिनाभर सोडा, तो हळूहळू सरकतो. जीपीएस सरकत नाही. म्हणून दोघांची जोडी लावतात: क्षणाक्षणाची लय क्वार्ट्झची किंवा रुबिडियमची, लांबचा हिशोब उपग्रहाचा.

पल्सार ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजायला दोन्ही लागतं. 29 जून 2023 ला अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जगासमोर आल्या, त्यात युरोपीय गटासोबत जीएमआरटीची निरीक्षणंही होती.

आणि उपग्रहावरचं घड्याळच बंद पडलं तर? आपल्या नाविक मालिकेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. मे 2023 मध्ये गेलेल्या एनव्हीएस-01 वर मग देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं.

म्हणून यंत्र घेताना आधी स्वतःला विचारा: मला सात वाजलेले हवेत, की लय? आणि आभाळातून सिग्नल आलाच नाही, तर ठेका कोण धरणार?

भेटू पुढच्या भागात!