क्लचचा स्लेव्ह सिलिंडर

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलचा दाब तेलामार्फत क्लचच्या फोर्कपर्यंत पोचवणारा, गिअरबॉक्सलगतचा छोटा सिलिंडर. पेडलमागचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो. त्या दाबाने स्लेव्हमधला पिस्टन सरकून पुश रॉडने फोर्क हलवतो. रबरी सील झिजले की तेल पाझरते, पेडल खाली बसते आणि गिअर कुरकुरत पडतात. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी उचलून पाहावी. आत ओल असेल तर दुखणे तिथेच.

 

सिलिंडर बदलताना पाइपचा नट आधी हाताने आट्यांवर बसवावा. घाईत पाना लावला की आटे गेलेच. नंतर हवा काढणे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून बुडबुडा राहिला तरी पेडल पोकळ लागते. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून दुसरे टोक तेलाच्या बाटलीत बुडवतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचे, मगच पेडल सोडायचे. मास्टर सिलिंडरच्या टाकीतले तेल संपू दिले तर सारी मेहनत पहिल्यापासून. बहुधा डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑइल लागते. इंजिन ऑइलने रबर फुगते. ब्रेक ऑइल रंग खाते, सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

काही गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.