खेळण्यातल्या रुळांचे हरवलेले सव्वादोन मिलिमीटर

संशोधनाला लागलात की ‘हे स्टँडर्ड आहे’ हे वाक्य सारखं कानावर पडेल. ते स्टँडर्ड ठरलं कसं, हे विचारायची सवय लावायची असेल तर खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ बघा.

1891 मध्ये मेर्कलिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले. आता रूळ सुटे घेऊन, पैसे साठतील तसे जोडता येऊ लागले. पुढे 1920 च्या दशकात टेबलावर मावणारी लहान रेल्वे आली आणि दोन रुळांमधलं 16.5 मिलिमीटर हे अंतर हळूहळू रूढ झालं.

ब्रिटनमध्ये मात्र अडचण आली. तिथली इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. 16.5 च्या रुळांना शोभणारं प्रमाण म्हणजे एका फुटाला 3.5 मिलिमीटर. पण त्या प्रमाणात इंजिन केलं तर तेव्हाची मोटर आत मावेना! मग इंजिन 4 मिलिमीटरच्या प्रमाणात केलं, रूळ तेच ठेवले. 1938 ची हॉर्नबी डब्लो अशीच होती.

आता गणित करा. खऱ्या रुळांमधलं अंतर 4 फूट 8.5 इंच. 4 ने गुणलं की 18.83 मिलिमीटर येतात. म्हणजे 16.5 चे रूळ खऱ्या हिशेबात जवळजवळ 7 इंच अरुंद.

नंतर मोटरी लहान झाल्या. कारण संपलं, माप राहिलं. असं का? 1960 च्या दशकात काही हौशी मंडळींनी 18.83 चे अचूक रूळ अंथरायला घेतले. पण त्यासाठी चाकं बदला, सांधे हाताने बनवा, वळणंही मोठी ठेवा. दुकानात तयार, परवडणारे रूळ मिळायचे ते 16.5 चेच. बहुतेकांनी तेच घेतले, आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

तुमच्याकडेही वेळ, पैसा, उपकरणं मोजकीच असणार. स्वस्त रूळ वापरणं चूक नाही. पण त्या रुळांवर पट्टी लावून खऱ्या रेल्वेची रुंदी सांगितली, तर निष्कर्ष चुकलाच. म्हणून सिनॉप्सिस लिहिताना तुमच्या पद्धतीतलं एक ठरीव माप निवडा आणि दोन ओळी लिहा: ते कोणत्या अडचणीतून आलं? ती अडचण आज आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तरी माप बदलायलाच हवं असं नाही. फक्त त्यामुळे काय सांगता येणार नाही, हे मर्यादांच्या प्रकरणात नोंदवून ठेवा.