वारापासून वडापावापर्यंत

कॉलेजची मुलं वडापाव आणि चायनीजवर जगतात, या तक्रारीत पूर्वीचे विद्यार्थी सकस खात होते असं गृहीत धरलेलं असतं. इतिहास तसं सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात परगावचा गरीब मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जे वाढलं जाई ते खायचं. एखाद्या वाराला घर मिळालं नाही, तर त्या दिवशी उपास. शिवाय ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांचीच. इतरांना शिकवायचं तर आधी त्यांच्या जेवणाची व्यवस्था उभारावी लागली. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवलं आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं.

म्हणजे विद्यार्थ्याचं ताट जिभेपेक्षा खिसा, वेळ आणि चूल यांनीच ठरवलं. पुढे खाणावळी आणि मेस आल्या, साठच्या दशकात दादरच्या गाडीवर वडापाव आला. मेस असूनही मुलं बाहेर खातात, हा आक्षेप खरा आहे, चवीची ओढही खरी. पण मेसच्या वेळा ठरलेल्या असतात आणि प्रॅक्टिकल, क्लास, अर्धवेळ नोकरी त्या पाळत नाहीत. रोजचं तळलेलं अपायकारकच आहे. तरी उपदेशाने ते सुटणार नाही. विद्यापीठांनी रात्री उशिरापर्यंत परवडणारी पोळीभाजी आवारातच मिळेल अशी सोय करावी.