चूल, औत आणि घरपट्टी

घरपट्टीवर वीकएंडला लेख लिहिणारा माणूस किती बोअर असेल, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते बरोबरच आहे. पण थांबा जरा. इन्कम टॅक्सचं कसं साधं असतं, इन्कम नाही तर टॅक्स नाही. घरपट्टीला तुमच्या पगाराशी काही देणंघेणं नाही. घर उभं आहे ना? मग पावती फाडा. कमाई बंद झाली, हातपाय थकले, डोळे गेले, तरी घर उभंच असतं आणि पट्टी येतच राहते. त्यामुळे म्हातारी माणसं, अपंग माणसं, एकट्या राहणाऱ्या विधवा यांचं काय करायचं, हा प्रश्न घरपट्टीच्या मागे पहिल्यापासून लागलेला आहे.

आपल्या शहरांनी याची उत्तरं आपापल्या परीनं दिली. दिल्लीत २००४ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा ज्येष्ठ नागरिक, महिला, अपंग आणि माजी सैनिक यांना राहत्या एका घरावर, २०० चौरस मीटरपर्यंत, ३० टक्के सूट ठेवली. पिंपरी-चिंचवडमध्ये अपंगांना आणि महिलांना सामान्य करात सवलत आहे. पुण्यानं वय विचारलंच नाही. १९७० पासून 'घरात स्वतः राहता का?' एवढं विचारून ४० टक्के सवलत दिली. मध्ये २०१८-१९ च्या सुमारास ती बंद पडली आणि २०२३ मध्ये परत आली. तेव्हा पीटी-३ नावाचा फॉर्म भरायची जी धावपळ झाली, ती पुणेकरांना आठवत असेल. मुंबईनं २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा करच माफ केला. म्हणजे बघा, एका शहरानं वय विचारलं, एकानं मुक्काम विचारला, एकानं चटई क्षेत्र.

आता हाच प्रश्न मोलगीला नेऊन बघू. मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्यातलं बाजाराचं गाव. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून जावं लागतं. काठीची राजवाडी होळी बघायला ऑफिसमधल्या मित्रांबरोबर गेलो होतो तेव्हा त्या बाजूला पहिल्यांदा जाणं झालं. मोलगीच्या बाजारपेठेत पक्की दुकानं दिसतात, पण आजूबाजूच्या डोंगरांवर पाडे पसरलेले. कुडाच्या भिंती, कौलं, मध्ये मोठमोठी अंतरं. तरुण माणसं गुजरातेत ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला गेली की पाड्यावर बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आणि लहान मुलंच राहतात. म्हणजे घरपट्टीचं बिल आलं तर घेणार कोण? ज्याची कमाई सगळ्यात कमी आहे तोच.

गंमत म्हणजे या डोंगरांत घरावरचा कर तसा नवा आहे. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, पण अक्कलकुव्याच्या बाजूचा डोंगराळ पट्टा कितीतरी वर्षं मेवासी प्रमुखांच्या हाती राहिला. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर अशी ही सहा मेवासी संस्थानं. त्यांचे मालकी हक्क रद्द करणारं रेग्युलेशन आलं १९६१ चं, म्हणजे महाराष्ट्र राज्य होऊन गेल्यावर! मोजणीची साखळी इथं फार उशिरा पोचली. नाशिक-खानदेशच्या अशा डोंगरी भागांत जुना हिशोब एकराचा नसायचा, औताचा असायचा. त्याला औतबंदी म्हणत. तुमच्याकडं किती औतं चालतात त्यावर आकार.

मला हे वाचताना जाम आवडलं. कारण औतावरच्या करात म्हातारपणाची सवलत आपोआप बसलेली असते. हात थकले की औत थांबतं आणि औत थांबलं की त्याच्यावरचा आकारही थांबतो. अर्ज नको, वयाचा दाखला नको. अर्थात फार रोमँटिक व्हायचं कारण नाही. त्याच काळात वेठबिगार होती, सावकार होता आणि प्रमुखांचे हक्कही होते. पण कर कशावर बसवायचा याचा विचार केला तर औत आणि घर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. औत माणसाची ताकद मोजतं. घर फक्त भिंती मोजतं.

बरं, घरावर कर बसवणाऱ्यांना हा घोळ कळत नव्हता असं नाही. इंग्लंडात १६६२ मध्ये चुलींवर कर आला, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. त्यात गरिबांना माफी होती, पण त्यासाठी दाखला लागायचा. गावच्या पाद्र्यानं आणि चर्चच्या पंचानं लिहून द्यायचं की हा माणूस खरंच गरीब आहे, आणि त्यावर दोन मॅजिस्ट्रेटनी सही करायची. कर वसूल करणारे लोक घरात घुसून चुली मोजायचे म्हणून तो इतका नावडता झाला की १६८९ मध्ये रद्द करावा लागला. पण दाखल्याची आयडिया मात्र टिकली. आज आपण अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन रांगेत उभे राहतो, त्या रांगेची ही जुनी मावशी.

आपल्याकडं पेशवाईतही घरपट्टी होती आणि माफीही होती. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात पेशव्यांच्या करांची जी जंत्री दिली, त्यात ब्राह्मण आणि गावकामगार घरपट्टीतून मोकळे होते. म्हणजे माफी गरज बघून नाही, मान बघून. १८१० मध्ये कंपनी सरकारनं बनारसमध्ये घरांवर वार्षिक भाड्याच्या ५ टक्के आणि दुकानांवर १० टक्के कर लावला. लोकांनी दुकानं बंद केली, घरं सोडली आणि हजारोंनी उघड्यावर येऊन बसले. धरमपाल यांनी १९७१ च्या पुस्तकात हा सगळा पत्रव्यवहार छापला आहे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की सरकारनं आधी धार्मिक इमारती आणि अगदी गरिबांची घरं वगळायची तयारी दाखवली. लोक त्यावर उठले नाहीत आणि शेवटी करच मागे घ्यावा लागला.

असो. आता मोलगीच्या घरपट्टीकडं येऊ. कायदा आहे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, कलम १२४. त्यात इमारतींवरचा कर आहे. घराची नोंद नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये, पावती नमुना १० ची. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि कर भांडवली मूल्यावर आला. हजार रुपये मूल्यामागे काही पैसे असा दर असतो. झोपडी किंवा मातीच्या घराला सगळ्यात कमी, आरसीसीला सगळ्यात जास्त. इथं एक छोटा विनोद आहे. म्हाताऱ्या जोडप्याला शबरी योजनेतून किंवा पंतप्रधान आवासमधून पक्कं घरकुल मिळालं, की सरकारनंच त्यांना कराच्या वरच्या पायरीवर नेऊन बसवलेलं असतं.

आपण इंजिनियर माणसं, तर आकडे मांडून बघू. हे आकडे माझे, फक्त हिशोबापुरते. समजा मातीच्या घराचं मूल्य ५० हजार आणि दर हजारी ५० पैसे. घरपट्टी झाली वर्षाला २५ रुपये. त्यात दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी धरली तर बिल वाढतं, पण घरपट्टी तेवढीच. म्हणजे दिल्लीची ३० टक्के सूट मोलगीला लावली तर आजींचे वाचले साडेसात रुपये. कटिंग चहासुद्धा येत नाही.

मग प्रश्न किरकोळ आहे का? नाही. कारण २५ रुपये थकत थकत जातात आणि थकबाकी असली की ग्रामपंचायतीचा दाखला अडतो, हा प्रकार गावोगाव चालतो. ज्या आजींना संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा आहे (२०२३ पासून महिन्याला १५०० रुपये), त्यांना कागद लागतात. १५०० रुपयांच्या वाटेत २५ रुपयांचा दगड, असा हा मामला. शिवाय घर कोणाच्या नावावर? बहुतेक वेळा वारलेल्या नवऱ्याच्या नाहीतर बाहेरगावी गेलेल्या मुलाच्या. २००३ मध्ये राज्य सरकारनं सांगितलं होतं की ग्रामपंचायतीत घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करा. जिथं ते झालं नाही तिथं मालकाला मिळणारी कुठलीही सवलत आजींच्या डोक्यावरून जाते. डेटाबेसमध्ये रेकॉर्डच नसेल तर क्वेरी कितीही चांगली लिहा, उत्तर शून्यच येणार.

आणि आता खरी मेख. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असा नियम आहे. आधी तो ३ टक्के होता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ५ झाला. आता स्वतःचं उत्पन्न म्हणजे काय? मुख्यतः घरपट्टी! पुन्हा माझा हिशोब: हजार घरं, सरासरी शंभर रुपये, सगळी वसुली झाली तर एक लाख. त्याचे ५ टक्के म्हणजे ५ हजार. गावात ५० दिव्यांग असतील तर माणशी वर्षाला १०० रुपये. शहराला खेटून असलेल्या, कारखाने आणि टॉवर असलेल्या ग्रामपंचायतीत हाच नियम लाखांचा निधी उभा करतो. नियम एकच, टक्का एकच, आणि मोलगीच्या पाड्यावरच्या आंधळ्या आजोबांच्या वाट्याला शंभराची नोट. बरं, आजोबांची घरपट्टी माफ केली तर हे पातेलं आणखी रिकामं होणार. एका दिव्यांगाची सवलत दुसऱ्या दिव्यांगाच्या निधीतून!

हा तिढा जगात इतरांनाही पडला होता. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं १९६४ मध्ये कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी एक पद्धत काढली. उत्पन्नाच्या मानानं घरपट्टी फार झाली तर जास्तीचा भार राज्य सरकार परत करणार. विजेचा भार वाढला की सर्किट ब्रेकर पडतो, तसं, आणि नावही तेच पडलं. यात शहाणपणाची गोष्ट ही की गावाच्या तिजोरीला हात लागत नाही. कर गावाला मिळतो आणि माफीचा खर्च राज्य सोसतं.

आपल्याकडं असं होऊच शकत नाही असंही नाही. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथं पेसा कायदा लागू आहे, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी राज्य सरकार थेट तिथल्या ग्रामपंचायतींना देतं. म्हणजे वरून खाली पैसे जायची पाइपलाइन टाकलेली आहे. वृद्ध आणि दिव्यांगांची घरपट्टी माफ करायची आणि तेवढी रक्कम ग्रामपंचायतीला भरून द्यायची, हे काम काही रॉकेट सायन्स नाही. एका घराचे २५ रुपये सरकारला जड नाहीत. आजींना जड आहेत आणि ग्रामपंचायतीलाही जड आहेत.

मला या सगळ्यातून एवढंच कळलं की सवलत कोणाला द्यायची यावर आपण तावातावानं बोलतो आणि ती कोणाच्या खिशातून द्यायची हे विचारायचं राहून जातं. श्रीमंत महापालिकेला स्वतःच्या खिशातून सवलत देणं परवडतं, म्हणून ती आपल्याला दिसते. गरीब ग्रामपंचायतीला परवडत नाही, म्हणून तिथं ती आजींपर्यंत पोचत नाही.

तेव्हा मंडळी, आपल्या सोसायटीत कुणी काका ज्येष्ठ नागरिकांच्या टॅक्स सवलतीसाठी सह्या गोळा करत आले तर सही जरूर करा. फक्त त्यांना खाली एक ओळ वाढवायला सांगा: हीच सवलत ग्रामपंचायतीतल्या घरांनाही मिळावी, नोंद नवऱ्याच्या नावे असली तरी बायकोला मिळावी, आणि तिचे पैसे राज्यानं ग्रामपंचायतीला भरून द्यावेत.