खळ्यातून खिडकीत : मालवणी घरातल्या कुंडीचा ऋतुइतिहास

कोकणातल्या झाडांविषयी लिहिताना आपण आंबा, काजू, माड, फणस यांच्यापाशी थांबतो. देवराईपर्यंत गेलो तर फार लांब गेलो, असे वाटते. पण घराच्या उंबरठ्याच्या आतबाहेर, माणसाने पाणी घातले तरच जगणारी जी झाडे असतात त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला मला आढळला नाही. याचे एक कारण साधनांमध्येच आहे. गार्सिया द ओर्ताने 1563 मध्ये गोव्यात आपला ग्रंथ छापला तो औषधी द्रव्यांवर. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने 1678 ते 1693 या काळात ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड ॲमस्टरडॅमला काढले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले निवेदन त्याच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. पण त्या ग्रंथाचाही रोख मुख्यतः उपयोगावर. पुढे 1880 मध्ये रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर आले. त्याची नजर जमीनमहसूल, बंदरे, पिके यांवर. ज्या झाडावर सारा नाही आणि ज्याला बाजार नाही, त्याची नोंद सरकार कशाला करील?

म्हणून या लेखासाठी मी दुसरी साधने वापरली आहेत. एक म्हणजे घराची बांधणी, दुसरे सणांचे वेळापत्रक आणि तिसरे, मालवण-वेंगुर्ले पट्ट्यातल्या बायकांच्या हातातली सवय. या तिन्हींतून कुंडीचा एक इतिहास वाचता येतो, आणि तो आज पुस्तकांत व मोबाइलवर मिळणाऱ्या ‘इनडोअर प्लांट्स’च्या सल्ल्यांपेक्षा बराच वेगळा आहे.

अंधारे माजघर, उजेडाचे खळे

जुने मालवणी घर झाडासाठी बांधलेलेच नव्हते. ते बांधले होते पावसासाठी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याला तोंड द्यायला उतरते छप्पर, खाली ओढलेली पावळी, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. अशा घरात कुंडी ठेवली तर ती आठ-पंधरा दिवसांत पिवळी पडणार. त्यामुळे आपल्याकडे ‘घरातले झाड’ म्हणजे पडवीतले, खळ्यातले किंवा न्हाणीमागचे झाड. आत आणि बाहेर यांच्या मधल्या जागेत ते वाढले.

या मधल्या जागेची वाटणीही विचारपूर्वक केलेली दिसते. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि एखादा माड. मागच्या दारी गवती चहा, पानओवा, कोरफड. पुढच्या दारी जास्वंद, आबोली, गुलबक्षी. आणि खळ्याच्या मध्यावर तुळस.

यातली कितीतरी झाडे परदेशी आहेत. गुलबक्षी, चाफा, कर्दळ, झेंडू, निशिगंध ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. सदाफुली आणि पानफुटी मादागास्करची. पोर्तुगीज गलबतांतून काजू आणि अननस आले त्या काळापासून या किनाऱ्यावर नवी झाडे उतरत राहिली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा आहे, हे आज सांगितले तरी कोणाला खरे वाटत नाही. परके झाड आपले व्हायला त्याला एखाद्या सणात जागा मिळावी लागते, असा माझा निष्कर्ष आहे. ज्याला ती मिळाली त्याची निगा कोणाला सांगावी लागली नाही. सणच ती करून घेतो.

वृंदावनाचे बागशास्त्र

तुळशी वृंदावनाकडे आपण श्रद्धेने पाहतो. क्षणभर ते केवळ एक कुंडी म्हणून पाहावे. जमिनीपासून कमरेइतके उंच, म्हणजे पावसाच्या उडत्या चिखलापासून आणि कोंबड्या-शेळ्यांच्या तोंडापासून दूर. बांधकाम जांभ्याचे, म्हणजे पाणी धरून न ठेवणारे. जागा खळ्यात, म्हणजे घराची सावली चुकवून दिवसभराचे ऊन. तुळशीला ऊन लागते आणि मुळाशी साचलेले पाणी तिला मारते. या दोन्ही गोष्टींची सोय वृंदावनाच्या आकारातच आहे. बांधणाऱ्याने हे मनात धरून बांधले की धर्माने सांगितले म्हणून, हा वाद घालण्याचे कारण नाही. शतकानुशतके टिकलेल्या वस्तूत दोन्ही एकत्र आलेले असतात.

तरीही कोकणातली तुळस दरवर्षी थकते. मंजिऱ्या धरल्या, बी पिकले की खोड लाकडासारखे होते, पाने लहान होतात. वर आषाढाचा मारा. म्हणून सुकलेल्या मंजिऱ्या चुरून मृगाच्या सुमारास बी टाकायचे आणि पडवीच्या कडेला रोपे धरायची, ही पद्धत. कार्तिकात त्यातले तरतरीत रोप वृंदावनात जाते. पाऊस संपला की खळ्यातले गवत काढतात, माती पसरतात, भिजवतात, चोपण्याने चोपून शेणाने सारवतात. नव्या खळ्यात, रंगवलेल्या वृंदावनात तुळशीचे लग्न लागते. ऊस, चिंचा-आवळ्याची डहाळी आणि दक्षिण कोकण-गोव्यात दिंड्याची काठी. लग्नाच्या निमित्ताने माती बदलली जाते, डागडुजी होते, रोप बदलते. आजच्या भाषेत ज्याला ‘रीपॉटिंग’ म्हणतात ते वर्षातून एकदा, योग्य वेळी, विसरणे शक्य नाही अशा रीतीने पार पडते.

उलटे ऋतू

येथे मुख्य मुद्द्याकडे येतो. घरात झाडे वाढवण्याचे जे शास्त्र आज जगभर प्रचलित आहे ते थंड देशांत जन्मले. लंडनचा डॉक्टर नॅथानिएल वॉर्ड याला 1829 मध्ये एका बंद बाटलीत नेच्याचे रोप आपोआप उगवलेले दिसले. बाटलीत त्याने पतंगाचा कोश ठेवला होता. कोळशाच्या धुराने त्याच्या बागेतले नेचे मरत होते, बाटलीतला मात्र जगला. त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. 1833 मध्ये अशा दोन पेट्या जहाजावरून सिडनीला गेल्या आणि झाडे जिवंत पोहोचली. पुढे चीनमधला चहा याच पेट्यांतून हिंदुस्थानात आला. इंग्रजी घरांतल्या दिवाणखान्यात नेचे आणि ताड आले तेही याच वाटेने. तिथे झाड घरात घ्यायचे कारण थंडी आणि धूर. तिथला कठीण ऋतू हिवाळा. म्हणून नियम झाला : हिवाळ्यात पाणी कमी करा, खत थांबवा, झाडाला विश्रांती द्या. उन्हाळा हा वाढीचा काळ.

मुंबई इलाख्यात हे ज्ञान आले ते आधी मुंबई-पुण्याला. जॉन ग्रॅहॅमने 1839 मध्ये मुंबई परिसरातल्या वनस्पतींची जी यादी छापली तिच्या शीर्षकातच आपोआप उगवणारी, लागवडीची आणि बाहेरून आणलेली असे तीन प्रकार आहेत. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतिबाग होती. अलेक्झांडर गिब्सन तिचा प्रमुख असताना, 1847 ते 1850 च्या दरम्यान, एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने तिथल्या झाडांची सुंदर चित्रे काढली. ती आज एडिनबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत आणि चित्रकाराचे नाव मात्र हरवले आहे. 1861 मध्ये डाल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाला, त्यालाही बाहेरून आलेल्या झाडांची पुरवणी आहे. 1862 मध्ये मुंबईत राणीचा बाग खुला झाला. पण पुण्याला पाऊस जेमतेम सातशे मिलिमीटर. पुण्याच्या कोरड्या हवेत जमलेला बागकामाचा अनुभव मालवणला जसाच्या तसा कसा चालावा?

आपल्या किनाऱ्यावर ऋतूंचा हिशेबच उलटा आहे. इथला कठीण काळ म्हणजे आषाढ-श्रावण. थंडी कुंडीतल्या झाडाला मारत नाही. मारतात ते उजेडाचा अभाव, न सुकणारी माती आणि बुरशी. आगोटीची बेगमी होते तेव्हाच जाणती बाई कुंड्या खळ्यातून पडवीत घेते, बुडाचे भोक काडीने मोकळे करते आणि प्रत्येक कुंडीखाली चिऱ्याचे दोन तुकडे सरकवते. पावळीच्या रेषेत कुंडी कधी ठेवत नाहीत. कौलावरून पडणारी धार चार दिवसांत मुळे उघडी पाडते. पडवीला झडीपासून वाचवायला माडाच्या चुडतांची झापे बांधली की उजेड आणखी कमी होतो. मग पाणी जवळजवळ बंद. बोट मातीत घालून पाहायचे, हाताला गार लागली तर तांब्या परत न्यायचा. गोगलगायी रात्री दिवा घेऊन वेचायच्या.

आश्विनात दुसरा धोका. चार महिने सावलीत राहिलेले झाड एकदम ऑक्टोबरच्या उन्हात ठेवले तर पाने भाजतात. म्हणून ते पडवीतून पायरीवर, पायरीवरून खळ्यात, असे टप्प्याटप्प्याने बाहेर येते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ, ज्याला इंग्रजी पुस्तक विश्रांतीचा म्हणते, तो आमच्याकडे कुंडीच्या बहराचा. पहाटे दव, दिवसा कोवळे ऊन. खत द्यायचे ते आता. सकाळचा मतलई वारा माती सुकवतो, दुपारचा खारा वारा पानांवर मीठ आणतो. म्हणून किनाऱ्यालगतच्या घरांत अधूनमधून पानांवरून गोडे पाणी ओततात. फाल्गुन-चैत्रात विहिरी खाली जातात. जांभा जितक्या वेगाने पाणी पितो तितक्याच वेगाने सोडून देतो. मग तांदूळ धुतलेले पाणी झाडाला, आणि कुंडीतल्या मातीवर नारळाच्या सोडणाचा थर, म्हणजे ओल उडत नाही.

‘तुळशीक पाणी घातलंस काय गो?’ या रोजच्या प्रश्नामागे एवढे पंचांग आहे. हे कुठे छापलेले नाही. सासूकडून सुनेकडे, आयेकडून चेडवाकडे असे ते आले.

डबा, बाटली आणि स्लॅब

चाकरमानी मुंबईला गेला तेव्हा तुळसही गेली. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत खळे नव्हते, गॅलरी होती. मडके ठेवले तर जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पायाने फुटायचे. 1937 पासून ‘डालडा’ बाजारात आला आणि रिकामा डबा ही गिरणगावची कुंडी झाली. तळाला खिळ्याने चार भोके, तारेने कठड्याला बांधलेला डबा, आत गावाहून पिशवीतून आणलेली तांबडी माती. वृंदावनाचा सगळा आशय त्या गंजक्या पत्र्यात मावला.

उलट दिशेने आला तो मनीप्लांट. हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या मोओरिया बेटाचा. 1880 मध्ये युरोपात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्याला आपल्याकडे फूल दिसत नाही, कारण फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे द्रव्य तो पुरेसे तयार करू शकत नाही. त्यामुळे बी नाही. एका वेलाचा तुकडा तोडायचा आणि दुसरीकडे लावायचा, हा त्याचा जगभरचा प्रवास. चोरून आणला तरच वाढतो, ही समजूत या पार्श्वभूमीवर मला फार अर्थपूर्ण वाटते. दुकानाशिवाय, हातोहात पसरलेले ते झाड आहे. गणपतीला येणाऱ्या माणसांच्या पिशवीतून ते गावात आले आणि बाटलीत राहिले.

पण ते घराच्या आत राहू शकले याचे श्रेय गवंड्याला आहे. कौले गेली, स्लॅब आला, मोठ्या काचेच्या खिडक्या आल्या आणि मालवणी घराच्या आत पहिल्यांदाच झाडापुरता उजेड पोहोचला. घरातली झाडे ही आपल्याकडे स्लॅबची संतती आहे. तिच्याबरोबर नवी काळजीही आली. बाटलीतले आणि कुंडीखालच्या ताटलीतले साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाची पाळणाघरे. ते आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, भांडे घासून घ्यावे लागते. मनीप्लांटच्या पानात अळूसारखेच खाजवणारे स्फटिक असतात, तेव्हा रांगत्या मुलापासून ते दूर हवे.

बंद घरांचा प्रश्न

आज जिल्ह्यात फिरताना बंद घरे जागोजाग दिसतात. ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात उघडतात. खळ्यावर पेव्हर ब्लॉक बसले, कारण दरवर्षी खळे करायला माणूस नाही. पेव्हरमुळे चिखल गेला, हे खरे, आणि म्हाताऱ्या माणसांना ते सोयीचेही आहे. पण त्याबरोबर कार्तिकातली माती बदलण्याची ती एक वेळ निसटली. बंद घरातली तुळस अजून बऱ्याच ठिकाणी शेजारची काकी नाहीतर भावकीतले कोणी जगवते. तिला रोज संध्याकाळी दिवा दाखवायचा असतो, म्हणून पाणीही मिळते. खिडकीतल्या मनीप्लांटसाठी कुलूप उघडायला मात्र कोणी येत नाही.

घरात झाड जगायचे तर निगा हवी, आणि निगेला कोणाचीतरी बांधिलकी हवी. जुन्या व्यवस्थेत ती सणांनी आणि दिव्याने पुरवली. तिचा भार बहुतेक बायकांवर होता, हेही लिहून ठेवले पाहिजे. नव्या घरातली झाडे या बांधिलकीबाहेर आहेत. त्यांना आपण परदेशी पंचांग लावतो, श्रावणात भरपूर पाणी घालतो, पौषात थांबतो आणि झाड मेले की ‘आपला हात नाही’ म्हणतो.

मृगाला बी, आगोटीला पडवी, आश्विनात पायरी, कार्तिकात माती, पौषात खत, चैत्रात सोडण. एवढे सहा ओळींचे टिपण नव्या कुंड्यांनाही तितकेच लागू पडते. ज्यांच्या घरी हे अजून तोंडी आहे त्यांनी आपल्या गावचे शब्द, आपल्या विहिरीचे आणि वाऱ्याचे तपशील घालून ते यंदाच उतरवून घ्यावे. कारण दापोडीच्या चित्रकाराचे नाव जसे हरवले, तसे हे सांगणाऱ्यांचे शब्द हरवायला एक पिढी पुरते.